गोड सफेदा

२ फेब्रुवारी
आले एकदाची! रंगाचा कारखाना म्हणजे खाली तीन खोल्या, मागे अंगण. माडीवर आम्हा मायलेकींचं बिऱ्हाड. चिमीने (वय चार, तोरा चाळिशीचा) खिडकी लगेच आपल्या नावावर करून टाकली. काम सोपं आहे. मडक्यांत सिरका आणि वर शिशाच्या गुंडाळ्या ठेवून खोली बंद करतात. तीन महिन्यांनी गुंडाळ्यांवर पांढरी खपली चढते. ती मी खरवडायची, खलात घोटायची, जवसाच्या तेलात मळायची. चित्रकार या सफेद्यावर जीव टाकतात, असं मालक म्हणाले. संध्याकाळी वर गेले तर चिमी म्हणाली, आई, तू पिठाची झालीस. आणि येऊन बिलगली.

१९ फेब्रुवारी
मालकांच्या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. माझ्याआधी हे काम त्याच करायच्या. आज चहाला बोलावलं, पण चहा मलाच ओतायला लावला. त्यांचे दोन्ही पंजे मनगटापासून खाली लोंबतात, पिळून टाकलेल्या फडक्यासारखे. मी बघते आहे हे बघून म्हणाल्या, वय झालं गं. वय बेचाळीस.

३ एप्रिल
चिमी आठवडाभर पोट धरून बसते. जेवत नाही, उगाच चिडते. मालक म्हणाले, पोरांची पोटं अशीच. आज कामाचा झगा धुवायला घेतला तर बाही चोखून चोखून ओली केलेली. विचारलं तर म्हणाली, गोड लागते.

४ एप्रिल
आक्कांना बाहीची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सफेदा म्हणजे शिसंच. धूळ नाकातोंडातून रक्तात जाते, हाडांत बसते. मोठ्यांचे हात जातात. लहानांचं— मालकांना हे ठाऊक आहे का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, मला रोज घास कोण भरवतं, सांग बघू.

५ एप्रिल
खोली ओल्या फडक्याने पुसली. तीनदा. तिन्ही वेळा फडकं पांढरं. उशी पांढरी. तिच्या केसांच्या मुळाशी— हे सगळं मीच वर आणलं. रोज. अंगावर.
मालक म्हणाले, तोंडाला फडकं बांध सांगायचं राहून गेलं.

६ एप्रिल
चिमी जिन्यात पडली. मग झटके. डोळे पांढरे— कडेवर घेऊन पळत सुटले. वाटेत माझं उजवं मनगट सुटलं, धरेचना. दातांनी तिचा फ्रॉक धरला—

७ एप्रिल. इस्पितळ.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात शिसं फार, मेंदूला सूज. औषध चालू आहे. तारीखवार सगळं लिहा म्हणाल्या. डाव्या हाताने लिहिते—

९ एप्रिल
डोळे उघडले! माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. म्हणाली, "मला पाणी द्याल?"
द्याल.
मला कधी तिने अहो-जाहो—
दिलं. प्यायली. मी म्हटलं, चिमे, मी गं, आई. तर भिंतीकडे सरकली. मी जवळ गेले की किंचाळते. मी दाराशी उभी आहे, तिथूनच लिहिते. ती नर्सला विचारते आहे, या बाई कोण, आणि माझी आई कधी—