दहा ग्रॅम लाल दवा

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

नववीतली ती चाचणी. मिलिग्रॅमचे ग्रॅम करा. हजारानं भागायचं, तर मी सेंटीमीटरच्या सवयीनं सगळीकडे शंभरानं भागलं होतं. तुम्ही पाचही उत्तरांवर बरोबरची खूण केलीत आणि मी ती वही घरभर नाचवली. त्याच महिन्यात बाबांनी तलावात सोडायला रोहू-कतल्याची बोटभर पिल्लं आणली. सोडण्याआधी, रोग लागू नये म्हणून, ती लाल दवेच्या पाण्यातून काढायची होती. लाल दवा म्हणजे तुमचं पोटॅशियम परमँगनेट. लिटरला पाच मिलिग्रॅम आणि ड्रम दोनशे लिटरचा. बाबांना हिशोब येत नव्हता, त्यांनी मला विचारलं. हजार मिलिग्रॅम म्हणजे दहा ग्रॅम, मी ऐटीत सांगितलं. बाबा सानगडीच्या बाजारात जाऊन सोनाराच्या काट्यावर नेमके दहा ग्रॅम तोलून आले. पाणी वांग्यासारखं गडद झालं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडतात, मग एकेक उलटं पडतं. "लय झालं का वं?" बाबांनी एवढंच विचारलं. गावाला मात्र सांगत फिरले, दवाच खराब निंघाली.

मी वही घेऊन तुमच्या घरी आले. तुम्ही ती उघडलीसुद्धा नाहीत. "मले माहीत होतं चुकलं ते. नापास झाली असती त तुया बापानं शाळा सोडवली असती. आन तुले का दवाखाना चालवाचा हाय?" वर उपकार केल्यासारखे हसलात.

माझा बाप मला शाळेतून काढणार नव्हता, सर. तुम्ही त्याला कधी विचारलंत? मासे धरणाऱ्याच्या पोरीला हजार झेपणार नाहीत, हे तुम्हीच परस्पर ठरवलंत. एक फुली मारली असतीत तर मी रडले असते, जेवले असते आणि दुसऱ्या दिवशी शिकले असते.

आता मीही रसायनशास्त्र शिकवते. फुली मारताना माझा हात थांबत नाही, पोरी मला खडूस म्हणतात. काल एका पोरीची वही हातात आली. तिची आई वारली, महिनाभर ती शाळेत नव्हती. पाचशे मिलिग्रॅम म्हणजे पाच ग्रॅम, असं लिहिलं होतं तिनं. मी बरोबरची खूण केली. हे लिहून झालं की खोडायची, असं ठरवून बसले होते. पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, ते बरंच आहे. वही समोर उघडी आहे आणि खूण मी अजून खोडलेली नाही.