पार्सर वाट बघत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहायचं. उद्या कुणी विचारलं की हा पार्सर तुम्हाला सुचला कसा, तर तारीख-वार हाताशी हवेत.

पार्सर म्हणजे काय ते काल बायकोला समजावलं. ऑफिसातल्या सगळ्या याद्या खुणा घातलेल्या फाइलीत येतात. इथे माणूस सुरू, इथे त्याचं नाव, इथे त्याचं खातं. फाइल नेटवर्कवरून तुकड्यातुकड्यांनी येते. इतरांचे पार्सर अख्खी फाइल येईपर्यंत हाताची घडी घालून बसतात. माझा ताट वाढून व्हायची वाट बघत नाही, पहिला घास आला की सुरू. पुढच्या माणसाची खूण दिसली की आधीचा माणूस पूर्ण झाला असं धरतो आणि त्याचं पत्र पाठवून मोकळा होतो. बायको म्हणाली, गॅसवर दूध आहे, बघा.

तयार कोडची लायब्ररी फुकट मिळत होती. घेतली नाही. दुसऱ्याच्या डोक्याने चालायचं तर आपलं कशाला वागवायचं?

४ मार्च, मंगळवार
नव्या खुर्च्या आल्या. सगळ्यांना मिळाल्या, मला नाही. यादीप्रमाणे वाटल्या म्हणे. आमच्याकडे याद्या नोकरीच्या क्रमाने असतात, सर्वांत नवा वर, सर्वांत जुना तळाला. सर्वांत जुना मी. जुन्या माणसाचा आपल्या खुर्चीवर जीव असतो, हे त्यांनी ओळखलं असणार. गेल्या वर्षी आरोग्य तपासणीलाही मला बोलावलं नव्हतं. म्हणजे तब्येतीवरही विश्वास आहे.

खुर्चीचं डावं चाक फिरत नाही. सवय झालीय.

६ मार्च, गुरुवार
शेजारच्या टेबलावर टेस्टरबाई बसतात. दुसऱ्याच्या चुका काढायचा त्यांना पगार मिळतो. आज माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमचा पार्सर प्रत्येक यादीतला शेवटचा माणूस गिळतो. त्याच्या मागून कुणी येत नाही, म्हणून तो पोटातच राहतो. यादी संपली असं पार्सरला सांगावं लागतं. एका ओळीचं काम आहे.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्यांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हटलं, वर्षभरात एकाचीही तक्रार नाही. त्या म्हणाल्या, तक्रार करायला तो बाहेर तर यायला हवा. मी हसून सोडून दिलं.

संकल्प: पार्सरचं मॅन्युअल लिहायचं. रोज दहा पानं. आज शीर्षक झालं.

१० मार्च, सोमवार. दुपारी ४
कपात झाली. एच.आर.ने यादी सोडली आणि माझ्या पार्सरने घास घास करत पत्रं पाठवली. साडेअकरापासून एकेका टेबलावर टिंग, टिंग. टेस्टरबाईंनाही आलं. महिनाअखेरपर्यंत काम, मग नारळ.

मला आलं नाही. इनबॉक्स तीनदा पाहिला.

एकूण एकतीस पत्रं गेली. साहेब मीटिंगमध्ये बत्तीस म्हणाले होते. साहेबांचं गणित पहिल्यापासून कच्चं.

काही वाटलं नाही. कुणी रडत होतं, कुणी ड्रॉवर उपसत होतं. मी टेस्टरबाईंना पाणी आणून दिलं. कूलरचं पाणी आज फार गार होतं.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, सुटलो बाई.

१२ मार्च, बुधवार
मेहुण्याचा फोन. त्याच्या कंपनीत एक जागा आहे, याच कामाची. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाला. बायकोचं म्हणणं, डोळे मिटून घ्या. या यादीत नाव नाही, पुढच्या यादीत असेल. मुलीच्या कॉलेजची अजून तीन वर्षं आहेत. मी म्हटलं, ज्या कंपनीने एवढ्यांतून मला राखलं, तिच्याकडे पाठ फिरवू? माणसाने खाल्ल्या मिठाला जागावं.

शुक्रवारची वाट कशाला, आजच नकार कळवला. वर टेस्टरबाईंचा नंबर दिला. म्हटलं, त्यांना घे, चुका बऱ्या काढतात. दुसऱ्याचं भलं करताना हात आखडू नये.

बायको रात्रीचं जेवण झाकून ठेवून झोपली. गार जेवलो. चव कळली नाही, पण भूकही नव्हती.

१७ मार्च, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्वतः उठून दार लावलं. म्हणाले, तुम्ही हे सगळं फार शांतपणे घेतलंत, मला कौतुक वाटतं. मग, तुमचं काम दोघांना समजावून ठेवा, सगळं लिहून ठेवा. मी ओळखलं, वर जाणाऱ्याने खालचं मोकळं करायचंच असतं. पद कुठलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मोठ्या गोष्टी अशाच ठरतात.

जिन्यात एच.आर.च्या बाई भेटल्या. घरी कसं काय विचारलं. एकदम मजेत म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच्या सुखाने डोळे भरणारी माणसं राहिलीत कुठे आता.

मॅन्युअल: मनोगत पूर्ण. आभार बाकी.

२१ मार्च, शुक्रवार
जाणाऱ्यांसाठी चहा-केक. मला पहिल्या रांगेत बसवलं. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, माणूस शिकत राहिला की अशी वेळ येत नाही. आधी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागून एकाने वाजवली, आणि सगळे उभेच राहिले. एवढं प्रेम आहे हे माहीत नव्हतं. केक कोरडा होता.

टेस्टरबाईंना मेहुण्याने घेतलं. सोमवारपासून जाणार. साहेबांनी त्यांना लवकर मोकळं केलं. निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या. तुम्हाला पत्र आलं ना, असं विचारलं. मी म्हटलं, मला कसलं पत्र? त्या अगदी हळू म्हणाल्या, "यादीत तुमच्यानंतर कोण आहे?"

"कुणीच नाही. मी सगळ्यांत जुना."

त्यांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहून दिली. आजच टाका म्हणाल्या. जाताना खोड काढल्याशिवाय काही माणसांना बरं वाटत नाही. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

२४ मार्च, सोमवार
बाजूचं टेबल रिकामं. वायर तेवढी लोंबतेय. आज टंगळमंगळ झाली, उद्यापासून वीस पानं.

२७ मार्च, गुरुवार
आज कंटाळा. परवापासून नक्की.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.२०
ती ओळ टाकली. तशी ती माझ्या मनात होतीच. आता वर्षभराच्या सगळ्या याद्या पुन्हा चालवतो आणि टेस्टरबाईंना कळवतो की काही फरक पडला नाही. गेलेली पत्रं पुन्हा जात नाहीत, तेवढी सोय मी आधीच करून ठेवलीय.

११.२४
मला आरोग्य तपासणीची सूचना आली. गेल्या वर्षीची. नवी खुर्ची भांडारातून घेऊन जावी, अशीही एक.

११.२५
टिंग.

११.४०
बत्तीस बरोबर आहेत.

१२.१०
पत्र नीट आहे. माझं नाव, माझं खातं, शेवटचा दिवस ३१ मार्च. अक्षरांच्या जागा चुकल्या नाहीत. पार्सर उत्तम चाललाय.

२९ मार्च, शनिवार
बायकोला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. हे तुम्हीच बनवलेल्या मशिनने पाठवलं का, विचारलं. हो म्हटलं.

"आणि इतके दिवस सगळ्या ऑफिसला माहीत होतं?"

ती स्वयंपाकघरात गेली. घासलेली भांडी पुन्हा घासल्याचा आवाज येत होता. मुलगी आतून अभ्यासाचं पुस्तक घेऊन बाहेर आली, माझ्याकडे बघून परत आत गेली. तेव्हा भीती वाटली. रोज थोडी थोडी वाटली असती तर परवडली असती. ती सगळी एकदम आली.

मेहुण्याला फोन बायकोनेच लावला. ती जागा भरली म्हणाला. पण त्याच टेस्टरबाईंना हाताखाली एक माणूस हवा आहे, त्या काढतील त्या चुका दुरुस्त करायला. मुलाखत मंगळवारी दहाला, घेणार त्याच. मी फोन घेतला. मेहुणा म्हणाला, भावोजी, वेळेवर या, आणि एवढंच सांभाळा, बाई विचारत असताना मध्येच उत्तर देऊ नका, त्यांचं बोलणं आधी पुरतं होऊ—

हो हो, म्हटलं.