काळ्या कात्रणांतलं निळं

६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि., आणि नमस्कारापाठोपाठ एक तक्रारही वि. वि.

तू पाठवलेलं पार्सल मिळालं. पिशवीभर कात्रणं मागितली होती, पिशवीभर आली, वजनातही खोट नाही. तथापि अत्यंत खेदाने कळवावं लागतं, की ती सगळीच्या सगळी इस्त्री केलेली होती. सुटे धागे कापलेले, लहानमोठ्या आकाराप्रमाणे गठ्ठे, वर दोरी. चिंधीचा चिंधीपणा हाच तिचा स्वधर्म. तो हिरावून घेण्याचा अधिकार तुला कोणी दिला? आमच्या वर्गातल्या बाईंनी एक गठ्ठा उचलला आणि हे रुमाल विकायला आणलेत का, असं विचारलं. अकरा बायका आणि एक निवृत्त दंतवैद्य एवढ्या विद्वत्सभेत माझी शोभा झाली.

हा वर्ग म्हणजे काय, ते तुला नीट सांगायचं राहिलंच. गेली सत्तावीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवतो आहे. गेल्या सुट्टीत स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही चिकटवले, तेव्हा सौ.ने वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली. दर शनिवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत जमायचं. बाकं लहान मुलांची, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागतात. कापड, कागद, तार, बटणं, मोडकी चेन, जे हाताला लागेल ते एकमेकांना शिवायचं किंवा चिकटवायचं, मग चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचं. मान तिरकी करण्यात मी प्रवीण झालो आहे. शिवण्यात अजून रक्तदान चालू आहे. दंतवैद्य मात्र असे सफाईने टाके घालतो, की कापडानेच आ वासावा.

मार्चच्या पहिल्या रविवारी आमचं प्रदर्शन आहे. प्रत्येकाने एकच रंग घ्यायचा आणि त्याचे थर लावायचे. रंगसंगतीची जबाबदारी टळावी म्हणून मी काळा घेतला. गायकवृंदाच्या चाळीस काळ्या कोटांचं काम तुझ्याकडे आहेच, तेव्हा उरलेलं सगळं पाठव. मळलेलं, चुरगळलेलं, विस्कटलेलं. उपकार होतील.

जाता जाता एक. गेल्या महिन्यात आलो होतो तेव्हा तू सुई ओवायला मला दिलीस, आणि तीही तीनदा. मला वळण लागावं म्हणून, असं म्हणालीस. चष्म्याचा नंबर तपासलास का, हे मी तेव्हाही विचारलं होतं. तुझ्या पत्रातही हल्ली पानावर सातच ओळी असतात, अक्षर माझ्या मुठीएवढं. तेवढे कोट एकटीने कापते आहेस, म्हणून विचारतो.

लोभ आहेच; तो मात्र इस्त्री न करता पाठवावा.

तुझा,
पंडित

१३ फेब्रुवारी

चि. पंडितास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे वहिनीला दे, कारण तुला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे.

तुझं पत्र वाचून शेजारच्या बेकरीवालीला दाखवलं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की तिचा ट्रे करपला. पन्नाशी उलटल्यावर तू सुई हातात धरलीस, हे आपल्या वडिलांनी बघायला हवं होतं. तुला विभक्ती घोकायला बसवून मला मशीनवर बसवलं, तेव्हा घरात शिवणाऱ्या दोघांपैकी एक तू निघशील, असं त्यांना वाटलं नसणार. सुई टोचू नये म्हणून अंगुस्ताना बरोबर पाठवते आहे. तो मधल्या बोटात घालायचा असतो, कपाटात ठेवायचा नसतो.

मागितलीस तशी पिशवी केली आहे. जमिनीवरचं झाडून सरळ आत भरलं. त्यात केस, धूळ आणि बेकरीवालीच्या मांजराचं योगदान आहे. इस्त्री नाही. तसं पाठवणं माझ्या जिवावर आलं होतं, पण कलेसाठी सहन केलं.

कोटांचं म्हणशील तर अठ्ठावीस कापून झाले. गायकवृंदाचे मास्तर स्वतःच्या छातीची दोन मापं देऊन गेले, एक श्वास घेतलेलं आणि एक सोडलेलं. त्यांचा कोट मी श्वास घेतलेल्या मापाने कापला. गाताना बटण उडून पहिल्या रांगेत पडलं तर नाव माझं जाईल. हे काम मनासारखं झालं तर दरवर्षीचे कपडे माझ्याकडेच द्यायचे, असं त्यांच्या मंडळाने ठरवलं आहे. समोर ते तयार कपड्यांचं दुकान झाल्यापासून नवीन कोट शिवायला कोण येतं? पँट आखूड करायला येतात. त्यामुळे हे चाळीस कोट मी माझ्या हाताने कापणार आणि माझ्याच हाताने पुरे करणार.

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. सुई तुला दिली, कारण तू नुसता बसून अक्कल पाजळत होतास. अक्षर मोठं काढते ते तुझ्यासाठी. तूही काही लहान राहिला नाहीस.

चित्राचं पायपुसणं झालं तर वाया घालवू नकोस, दुकानाच्या दारात टाकायला मला दे.

लोभ मापात आहे, सैल सोडलेला नाही.

ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पिशवी पावली. ही खरी चिंधी. बाईंनी आत हात घातला आणि धन्य झाल्या. आत एक टाचणीही होती. ती मला सापडायच्या आत मी तिला सापडलो. अंगुस्ताना मधल्या बोटात आहे, पण टाचणीला ते माहीत नव्हतं.

माझी कलाकृती आता दोन हात लांब आणि एक हात रुंद झाली आहे. खाली पोत्याचं काळं रंगवलेलं कापड. त्यावर ग्रंथालयातले वापरून झालेले कार्बन पेपर, एक तुटकी चेन आणि स्वयंपाकघरातल्या गाळणीची जाळी. ती जाळी सौ. अजून शोधते आहे. मीही तिच्याबरोबर शोधतो. या सगळ्यावर तुझी कात्रणं, एकावर एक, धागे लोंबणारी. मला स्वतःला ते कोसळलेल्या छत्रीसारखं दिसतं, पण बाई म्हणतात त्यात खोली आहे.

शनिवारी त्या माझ्या बाकापाशी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, की काळ्याच्या आत असा निळा लपवायला धाडस लागतं. मी नम्रपणे मान झुकवली. कौतुक आधी घ्यावं आणि विचार नंतर करावा, ही माझी जुनी शिस्त. पण निळा कुठला, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गातल्या ट्यूबच्या उजेडात मी सगळं काळं म्हणूनच शिवलं होतं. आज घरी खिडकीत धरून पाहिलं. नऊ कात्रणं गडद निळी आहेत, ताई. काळ्याशेजारी ठेवली की स्वच्छ कळतं.

मग माझ्यातला सूचिकार जागा झाला. तू कोटाचा नंबर खडूने कडेच्या भागावर लिहितेस, कापून टाकायच्या बाजूला, म्हणजे कोटाला खडू लागत नाही. इतकी वर्षं ती सवय कोणाच्या लक्षात आली नसेल, कारण लोकांकडे कोट जातो आणि तो भाग केरात जातो. यंदा तो माझ्याकडे आला. नऊपैकी तीन कात्रणांवर खडू शाबूत आहे: अकरा, सतरा, सव्वीस. तिन्हीवर बाहीच्या वरच्या टोकाचा गोलावा आहे, आणि तिन्हीपुढे तू डाव्यासाठी ‘डा’ लिहिलं आहेस. उरलेली सहा त्यांच्याच आजूबाजूची. मी जमिनीवर जुळवून पाहिली, बिनचूक बसतात.

तात्पर्य, माझं चुकत नसेल तर गायकवृंदातल्या अकरा, सतरा आणि सव्वीस नंबरच्या मंडळींचा डावा हात निळा होणार आहे. रंगमंचावर दिवे प्रखर असतात असं ऐकतो. सुरांत एकवाक्यता आणि बाह्यांत मतभेद, असं श्रोत्यांना वाटू नये. माझं चुकत असावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ते तीन कोट एकदा दुपारी दाराबाहेर नेऊन बघ. बेकरीवालीलाही बघायला सांग.

सौ. नमस्कार सांगते, आणि गाळणी तुझ्याकडे राहिली आहे का, असं विचारते. नाही म्हणून कळव, पण ठासून नको.

लोभ राहू दे, रंग कोणताही असो.

तुझा,
पंडित

२५ फेब्रुवारी

चि. पंडितास,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझ्या दुकानात काळा म्हणजे काळा असतो. बेचाळीस वर्षांत माझ्या कोटाला कोणी बोट लावलेलं नाही, आणि आता चार शनिवार सुई धरलेला माणूस मला रंग शिकवतो. शाळेत एक मोजा तपकिरी आणि एक करडा घालून गेला होतास, तो तूच ना? तुझ्या खिडकीची काचच निळसर असेल. नाही तर बाईंनी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं असेल आणि तू हुरळलास.

कोट सगळे कापून झाले आहेत, तेहतीस शिवून झाले. मास्तर नऊ तारखेला बघायला येणार आहेत. मला वेळ नाही.

गाळणी माझ्याकडे नाही. खोटं बोलायला मला मध्ये घेऊ नकोस.

२७ फेब्रुवारी. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून त्यातच पुढे लिहिते.

काल बेकरीवाली तिचा एप्रन घ्यायला आली. सहज म्हणून तीन कोट तिच्या हातात दिले आणि दारात उभं केलं. तिने ते उजेडात उलटसुलट करून पाहिले. मग मला तिन्ही डाव्या बाह्या हाताने दाखवल्या. अकरा, सतरा, सव्वीस. शाळेच्या गणवेशाचा उरलेला निळा तागा काळ्याच्या शेजारी ठेवला होता, तो मध्येच हाताला आला असणार. दोन्ही कापडं हाताला सारखीच लागतात.

तिन्ही बाह्या उसवल्या आणि नव्या कापल्या. तागा कोणता, ते बेकरीवालीने सांगितलं. बसवून टाकीन, वेळ आहे. दुकानातला दिवा फार मंद झाला आहे. तो बदलायला सांगते, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. वहिनीला यातलं काही सांगू नकोस.

तू चित्रासाठी मागितलं नसतंस तर ते सगळं केरात गेलं असतं.

ताई

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

प्रदर्शन पार पडलं. पहिलं बक्षीस दंतवैद्याला. त्याने पांढऱ्या रंगावर काम केलं होतं, हे सांगायला नकोच. माझ्या चित्रापुढे एक गृहस्थ पाच मिनिटं उभे होते. मी पुढे जाऊन नम्रपणे उभा राहिलो, तेव्हा कळलं की त्यांना बाहेर जायचा दरवाजा सापडत नव्हता. सौ.ला मात्र पहिल्या नजरेत आपली गाळणी सापडली. तिने बाईंच्या देखत चित्राला हात लावून ती ओळखली. आज चहा न गाळता मिळाला. निळी कात्रणं चित्रात तशीच ठेवली आहेत. काढून टाकली असती तर खाली भोकं पडली असती, आणि बाईंनी त्यालाही धाडस म्हटलं असतं.

मंद दिव्याचं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. दिव्यात दोष असेल, नाही कशाला म्हणू? पण तू कोट कापतेस ते दिवसा, खिडकीखालच्या टेबलावर. ते टेबल तिथे मीच ओढून ठेवलं होतं, उजेड तिथे सगळ्यात चांगला म्हणून. आणि कापडं हाताला सारखी लागतात असंही तू लिहिलंस. म्हणजे तू तागा हाताने ओळखत होतीस.

गुरुवारी पहिल्या गाडीने मी येतो आहे. अकरा वाजता आपल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, वेळ घेतली आहे. त्यांनी काही म्हटलं तरी कोट नऊ तारखेला तयार असतील. मी दोन दिवस थांबेन आणि बटणं लावीन. माझी बटणं तुला पसंत पडणार नाहीत, पण ती निघणार नाहीत एवढं खात्रीने सांगतो. तोवर पुढचं काही कापू नकोस. सौ.ला मी सगळं सांगितलं आहे. रागावायचं असेल तर रागाव, लोभ मात्र काढून घेऊ नकोस.

मी सुईचं विचारलं, अक्षराचं विचारलं, पण प्रत्येक वेळी थट्टेत विचारलं. तुला टाळता यावं म्हणून तसं विचारलं आणि तू टाळलंस, की मला बरं वाटायचं. तुला नीट दिसत नाही हे मला जानेवारीतच कळलं होतं. उत्तर ऐकायची माझी हिंमत नव्हती, अजूनही नाही. तुला दिसेनासं झालं तर तू काय करशील, हे मला माहीत नाही. मी काय करीन, तेही माहीत नाही. मला फार भीती वाटते, ताई.

तुझा,
धाकटा भाऊ