खांदशेकणीचं आवतन

साओ मिगेल बेट, पोर्तुगाल
दि. २६ ऑगस्ट २०२५

प्रिय दिपाली,

सप्रेम नमस्कार. मी इथे खुशाल आहे. आष्टीला तुम्ही सगळे बरे असाल. तुमच्याकडचा पाऊस उघडला का ते कळव. इथला उघडत नाही.

फोनवर तू काही विचारलं की मी ‘सगळं चांगलं आहे’ एवढंच म्हणतो. तुझ्याजवळ तुझी आई बसलेली असते, आणि माझ्या डोक्यात दूध काढायच्या मशीनचा आवाज असतो. म्हणून कागदावर लिहितो आहे. साक्षगंधाच्या दिवशी तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस, “तिकडचं खरं खरं सांगत जाजा. नुसतं चांगलं चांगलं नोका सांगू.” ते मी विसरलेलो नाही.

तर खरं असं आहे. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे. आता तो शांत आहे म्हणतात, पण मध्येच जमीन हलते आणि कपाटातल्या कपबश्या वाजतात. पहिल्यांदा मी बाहेर पळालो होतो. कुठेकुठे जमिनीतून वाफ निघते, तिचा वास सडक्या अंड्यासारखा. दमट एवढं आहे की धुतलेला शर्ट वाळत नाही. मराठी बोलायला कोणी नाही, त्यामुळे मी गाईंशी बोलतो.

आता चांगलं. शेतांना काळ्या दगडांचे बांध आहेत आणि बांधावर निळ्या फुलांचे गुच्छ. मातीही काळी, आपल्या तळेगावसारखी. ती पाहूनच मला पहिल्या दिवशी धीर आला. तळ्याकाठी लोक मोठं भांडं गरम जमिनीत पुरतात आणि दुपारी काढून जेवतात. मांस, कोबी, रताळी, अरबीचे कंद, सगळं एकत्र. आपण गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतो तसंच, फक्त इथे आर जमिनीच्या पोटात आहे. मालक मानुएल मला घेऊन गेला, तेव्हा मी वेगळ्या डब्यात वांगी पुरली. शिजली छान, पण मीठ टाकायचं राहिलं. मानुएलच्या म्हाताऱ्या आईने तरी दोनदा वाढून घेतली.

आता खांदशेकणीचं सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मला फार घरची आठवण आली. बाबा बैलांचे खांदे शेकत असतील, असं वाटत राहिलं. इथे जुंपायला बैल नाहीत, वर्षभर राबतात त्या गाईच. मी लोण्यात हळद कालवली आणि गाईंच्या खांद्यांना चोळली. प्रत्येकीला म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

सकाळी मानुएलने पिवळे खांदे पाहिले आणि रोग आला म्हणून जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. मला काही विचारलंच नाही. मी दूध काढून बाहेर आलो, तर डॉक्टर बोट लावून वास घेत होता. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं की ही हळद आहे, आमच्याकडे जनावरांना जेवणाचं आमंत्रण असं देतात. डॉक्टर हसत सुटला. मानुएलही हसला, पण गाई त्याने मलाच धुवायला लावल्या.

म्हातारी हसली नाही. तिने विचारलं, “मग जेवायला काय केलंस?” माझ्याकडे पुरण नव्हतं. तिने तव्यावर गोड जाड पोळ्या भाजल्या आणि माझ्याबरोबर गोठ्यात येऊन एकेकीला भरवल्या. परत येताना म्हणाली, “गाईंना बोलावलंस. जिच्याशी लग्न ठरलंय तिला बोलावलंस का?” गोठ्यामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, मी राहणार असेन तर त्या आपल्या दोघांना देऊ, असंही म्हणाली. घरी आल्यावर मानुएलनेही होकाराची मान हलवली.

इतकं लिहूनही हात थांबतो आहे. साक्षगंधात ठरलं होतं की मी दिवाळीला कायमचा परत येईन. तू त्यावरच हो म्हणाली होतीस. पण मला हे काम येतं, आणि इथे राहावंसं वाटतं. एकट्याने नाही. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, आधी तुला. तू नाही म्हणालीस तर मी दिवाळीला येतो आणि पुन्हा जाणार नाही. त्यानंतर या बेटाचं नाव तुझ्यापुढे कधी काढणार नाही.

खोल्या मी नीट पाहून आलो. स्वयंपाकाचा ओटा तुझ्यासाठी उंच होईल, तो कमी करता येईल. एका भिंतीला ओल आहे. खिडकीतून वाफ दिसते, आणि वारा फिरला की तो वास आत येतो. तो काही केल्या जाणार नाही.

तू म्हणशील, मले बैल समजले का? हस. पण आमच्या घरात मानाचं आमंत्रण मी हेच एक पाहिलेलं आहे.

आज आवतन देतो. जेवाले कधी यायचं, की नाहीच यायचं, ते तू ठरव.

हाताला अजून हळद असलेला,
तुझा
गजेंद्र