आपली कमान निळी होती

फ्रीमाँट, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

आज पुन्हा तेच. बाबा फिरायला गेले ते दीड तास आलेच नाहीत. सापडले कुठे, तर आमच्याच गराजसमोर उभे. "बाबा, आत चला ना," म्हटलं, तर म्हणाले, "हे आपलं घर नाही."

जूनमध्ये त्यांना नागपूरहून इकडे आणताना वाटेत मोरोक्कोत, फेजला तीन दिवस थांबलो होतो. जुन्या शहराच्या निळ्या कमानीतून आत शिरलो, गल्ल्यांमधून पाय दुखेस्तोवर भटकलो. परतताना बाबा त्याच कमानीपाशी अडून उभे राहिले. नितीनला म्हणाले, "जावईबापू, ही नाही. आपली निळी होती." कमान बाहेरून निळी आणि आतून हिरवी! किती हसलो आम्ही. नितीन म्हणाला, "यार, फेजमध्ये सगळेच हरवतात." मीही तेच धरून बसले. तेव्हाच कळायला हवं होतं का मला? की कळलं होतं, आणि...

इथे कसल्या गल्ल्या? सरळ रस्ता आणि ओळीने सारखी पांढरी दारं. कॉलनीची असोसिएशन वेगळा रंग लावू देत नाही, म्हणून संध्याकाळी माझी निळी ओढणी दाराला बाहेरून चिकटवली. बाबांना दाखवली. केवढे खूश झाले! "आता नाही चुकणार."

आत येऊन मी दार लावलं. त्या दाराकडे ते बघत राहिले. आतून पांढरंच. मग चपला घातल्या आणि अगदी अदबीने मला म्हणाले, "ताई, आमचं दार निळं आहे. मला जरा घरी सोडता का?"