पुतळाची तोंडी परीक्षा

घणसोली गाव

प्रिय स्मिताबाई,

पत्राला उशीर झाला, राग धरू नका. कागद दोनदा पुढ्यात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. लिहिलेलं कुणाच्या हाती पडेल हा घोर मला कायमचा. वाचून झालं की फाडून टाका.

तुम्ही वाशीहून आमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला आलात, तेव्हा मी तुम्हाला शाळेच्या बाई मानलंच नव्हतं. हातात पेन, आणि पोरांना एकेक करून प्रश्न. आदल्या वर्षी असाच एक गोडबोल्या विचारून गेला, तुमचं शेत कुठवर, पलीकडचा बांध कुणाचा. पोरांनी सांगितलं. आठवडा गेला नाही तोच जमीन काढून घ्यायला शेतात सरकारी मोजणीच्या खुंट्या. तेव्हापासून गावानं पोरांना पढवलं होतं, पेनवाल्यानं काही विचारलं तर एकच बोलायचं, "ठाव नाय."

तुम्ही भागाकार विचारलात. माझी नात पुतळा म्हणाली, ठाव नाय. अख्खा वर्ग तेच म्हणाला. तुम्ही सगळ्यांना भोपळा दिलात आणि डोळे पुसत गेलात. मी कुंपणाआडून बघत होतो. म्हटलं, बरी पळवली.

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही हजर, पेनाशिवाय. सुट्टीत पुतळानं चिंचा मैत्रिणींत सारख्या वाटल्या आणि उरलेली एक तुमच्या हातावर ठेवली. संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात. मी पाणीही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "आजोबा, तिला भागाकार येतो. माझंच विचारायचं चुकलं." शिकवणारं माणूस असं बोलतं हे कधी ऐकलं नव्हतं, म्हणून माझा संशय आणखी वाढला. मग तुम्ही वर्गात खेळातून, गप्पांतून विचारायला लागलात, पोरं बोलायला लागली, आणि तुमचा सराव संपला.

आता महिनाअखेरीस तोंडी परीक्षा आहे. बाहेरगावचे साहेब घेणार, पेन घेऊनच. माझा मुलगा सिताराम म्हणतो, नापास झाली तर घरी बसवतो. मी रोज पुतळाला सांगतो, बोल गो बाय, घाबरू नको. काल तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "आजा, मोजनीवाले गेलं का?" काय सांगू? ते गेलेले नाहीत. 'ठाव नाय' शिकवलं मीच आणि आता बोल म्हणतो मीच, म्हणून माझ्यावर तिचा विश्वास नाही, तो तुमच्यावर आहे. त्या दिवशी वर्गात नुसत्या येऊन बसाल का? येणार की नाही, दोन ओळी लवकर टाका. पाकिटावर तुमचं नाव घालू नका, अक्षर मी ओळखीन.

तुमचाच,
नामा, पुतळाचा आजा