रुसलेला जावई आणि लाल मोटार

आबा, औंधच्या जत्रेत आपल्या सिनेमाच्या तंबूमागे बसून आपण दोघं हरभऱ्याचे ओले घाटे सोलत होतो, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, की नव्या इंग्रजी सिनेमातला हा जाड्या पोलीस त्या लाल मोटारीमागं का लागलाय. मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून सुट्टीला आलेली. मोटारीत बँक लुटणारे चोर आहेत, असं मी सांगितलं. तुम्ही एक घाटा तोंडात टाकलात. "बँक कुणी बघितलीया हितं? सासरा हाय त्यो. जावई रुसून निघालाय."

आपल्याकडे इंग्रजी सिनेमा चालायचा तो तुमच्या बोलण्यावर. संध्याकाळी तुम्ही पडद्याशेजारी माइक धरून उभे राहिलात. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायला निघालेला सासरा आणि मानपानावरून बिनसलेला जावई. मोटारी भाजीबाजारातून, वाळत घातलेल्या धुण्यातून, शेवटी थेट नदीत. "आवं पाव्हणं, थांबा की. धोंडं निवाय लागलं." माणसं हसून लोळत होती. मला इंग्रजी कळत होतं, तरी मीही तुमचंच ऐकत होते. तो सिनेमा मुळातही सुरेखच होता. मागे पुन्हा पाहिला. त्यात एकही मोटार उगीच आपटत नाही.

दुसरा भाग दोन-तीन वर्षांनी आला. तीच मोटार, तोच पोलीस, तीच नदी, आदळआपट मात्र दुप्पट. "मोटार पळतीया लय, पर कुठं जायाचं ते तिला ठावं न्हाई," असं तुम्ही मला हळूच म्हणालात, आणि लोकांना सांगितलंत, की पुन्हा अधिक महिना आलाय आणि जावई अजून जेवलेला नाही. तेवढ्यावर सिनेमा तरला.

तिसरा त्याहून पडेल. तोवर मिरजेला तुमच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज जाऊन नुसती कुजबुज उरलेली. बोलणारा नसेल तर तंबू मोडायचा, असं तुम्ही आईला खुणेनं सांगितलंत. माइक मी मागून घेतला. मी शुद्ध मराठीत एकेक वाक्य नीट भाषांतर करून सांगतेय आणि तंबू गप्प आहे. पुढं बसलेली एक म्हातारी विचारते, "आगं बाय, सासरा मेला का काय?" मी तुमच्याकडे बघते. तुम्ही घसा धरून पुढे झुकता.

"जेवू घाल त्याला."

मग पोलिसाच्या गाडीनं लाल मोटारीला मागून धडक दिली, तसं मी तुमच्या बोलीत म्हटलं, "दमलो आता, पाव्हणं. ताट हितंच मांडतो." सगळा तंबू उसळला. तुम्ही आवाज न करता हसत होतात, नुसते खांदे हलत होते. तुमच्या माघारीही काही वर्षं आम्ही तो तंबू चालवला.

आता माझंही आवराआवरीचं वय झालं. बांगड्या थोरल्या सुनेला. कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीसाठी मिळालेली बक्षिसं धाकटीच्या मुलाला. साड्या कामाला येणाऱ्या बाईंनी आधी निवडाव्यात, मग घरच्यांनी. सासरा आणि जावई मात्र नातीला. दोघांचेही आवाज ती काढते, सासऱ्याचा तर माझ्याहून सरस.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून सांगून टाकते. मी माइक घेतला त्या संध्याकाळी पोलिसाचा शब्द न् शब्द मी कान देऊन ऐकला होता. तो खरं काय बोलत होता, यातलं आज मला एक वाक्य आठवत नाही.